मातीला विरजण

वाघोलीपासून येरवड्यापर्यंत माझ्याइतकी माती ओळखणारा माणूस तुम्हाला सापडायचा नाही. परवा घटासाठी म्हणून मी जी माती आणली, तिच्यात सिमेंट निघालं.

मंगलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ती माती पत्रावळीवर पसरली, गहू पेरले, मधे घट ठेवला, पाणी शिंपडलं. आज तिसरा दिवस. कोंब राहू द्या, माती अशी घट्ट बसलीय की वरून बोटानं वाजवली तर टणटण आवाज येतो. "अवो, घट बसवायचा होता, स्लॅब नव्हता टाकायचा," मंगल म्हणाली. पुण्यात आता घटाची माती पुडीत मिळते. बुधवार पेठेत शेवंतीच्या ढिगाशेजारी पुड्या मांडून बाया बसलेल्या असतात. पण शेतकऱ्याच्या पोरानं माती विकत आणायची म्हणजे नाक कापल्यासारखं. म्हणून पलीकडच्या साइटवरची काळीभोर दिसली ती फुकट उचलून आणली. नाक वाचलं, घट गेला.

आमच्या बाजरीच्या रानात आता चौदा मजले उभे आहेत. विक्रीच्या कागदावर माझीपण सही आहे. अंगठा नाही, सही. चौथीपर्यंत शिकलोय मी. चौथीनंतर मी शाळा सोडली असं मी सांगतो. गुरुजी वेगळं सांगायचे. तर नवरात्र आलं की हाताला माती आठवते. ओली, नखात जाणारी, वासाची माती. आणि तिच्या मागोमाग आठवतो तो वैशाली मॅडमचा हंगाम.

रान गेल्यावर मी शहराच्या मधोमध एका शेतकी संशोधनाच्या आवारात कामाला लागलो. जाळीची शेड होती, त्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचं. तिथं वैशाली मॅडमचं काम चालायचं. बाई नारायण पेठेतल्या. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, चष्मा कपाळावर आणि नजर चष्म्याशिवायच टोकदार. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शेतीचा अनुभव किती?"

मी छाती काढून म्हणालो, "तीस वर्षं."

"अरे वा. आधी तो विसरा."

मला वाटलं, चेष्टा करतात. नव्हत्या करत.

काम असं होतं. मातीत एक बुरशी असते, झाडाच्या मुळात शिरून राहणारी. तिचं इंग्रजी नाव तोंडात बसवायला मला दोन महिने लागले, आणि अजून ते बसलेलं नाही, तिरकं उभं राहतं. ही बुरशी मुळातून बाहेर बारीक धागे सोडते आणि लांबून झाडाला खाणं आणून देते. आता बुरशी म्हटल्यावर मला काय आठवणार? शिळी भाकरी. मी म्हणालो, "मॅडम, बुरशी आली की आमी औषध मारतो."

"ही चांगली असते."

"चांगली बुरशी?"

"का? माणसांत नाही का, दिसायला बरी नसतात पण कामाला येतात."

माझ्याकडे बघून म्हणाल्या की नाही, ते मी आजवर ठरवलेलं नाही.

मग त्यांनी मला समजावलं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत असतं, पण जागचं हलत नाही. मूळ आपल्या आजूबाजूचं खाऊन संपवतं आणि मग बोटभर अंतरावर जेवण वाढलेलं असताना उपाशी बसतं. बुरशीचा धागा केसाहून बारीक. तो त्या बोटभर अंतरापलीकडे जातो आणि आणून देतो. "स्फुरद जागचं हलत नाही म्हणजे माझ्यासारखंच की," मी म्हणालो. "हो," त्या म्हणाल्या, "पण त्याचा उपयोग असतो."

हे असं होतं, एवढं ठाऊक होतं लोकांना. मॅडमना मोजायचं होतं की किती होतं. आमच्याकडच्या ज्वारीत, आमच्याकडच्या मातीत, किती. या 'किती'साठी बाईंनी तीन वर्षं घालवली होती आणि तो शेवटचा हंगाम होता. आकडे नीट आले तर काम पुरं. नाही आले तर फाल्गुनात शेड दुसऱ्याला जाणार, मॅडमचं टेबल कोपऱ्यातून उठणार. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाण्याच्या झारीला गळती लागली होती तेव्हा, झारीकडे बघत.

गणपतीच्या दिवसांत आम्ही ज्वारी पेरली. त्याआधी माती शिजवायची. खरंच शिजवायची. मोठा वाफेचा कुकर होता, त्यात माती घालून आतलं जिवंत होतं नव्हतं ते सगळं मारायचं. मी विचारलं, "किती शिट्ट्या?" मॅडमनी घड्याळ दाखवलं. मग चोवीस कुंड्या. बारा कुंड्यांत त्यांनी एका डब्यातली जुनी माती चमचाचमचा घातली. त्या मातीत बुरशी होती आणि मुळांचे बारके तुकडे. "दुधाला लावतात ना, तसं," त्या म्हणाल्या. "मातीला विरजण."

हा शब्द मला इतका आवडला की मी तो घरी नेला. मंगलला सांगितलं, मातीला विरजण लावतात. ती म्हणाली, मग ताक कधी करता?

दुसऱ्या बारा कुंड्यांना विरजण नाही. त्यांना काय, तर विरजण पाण्यात कालवून, ते पाणी इतक्या बारीक कागदातून गाळून, की बुरशी पलीकडे जाणार नाही, ते नुसतं पाणी. म्हणजे बाकी सगळं सारखं, फरक फक्त बुरशीचा. जेवणावळीत पहिल्या पंगतीला श्रीखंड आणि दुसऱ्या पंगतीला श्रीखंडाचं भांडं विसळलेलं पाणी. मला ते तेव्हापासूनच खटकलं होतं.

मॅडमचं काम बघत बसणं ही माझी चैन होती. मागच्या हंगामातली मुळं त्या धुवायच्या. परातीत पाणी, पाण्यात मूळ, आणि बाई सुईच्या टोकानं एकेक धागा मोकळा करायच्या, लहान पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा तसा. ओढायचं नाही, तुटू द्यायचं नाही, आणि पोरगी रडायलाही नको. मी तीस वर्षं झाडं उपटली. मूळ असं असतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. उपटताना निम्मं रानातच राहायचं आणि हातात आलं त्याला मी मूळ म्हणायचो.

मग ती मुळं दाहक पाण्यात उकळायची, पांढरी झाली की शाई आणि व्हिनेगरमध्ये शिजवायची. साधी पेनात भरायची निळी शाई. मूळ रंग सोडून देतं, बुरशी धरून ठेवते. शेडभर लोणच्यासारखा वास सुटायचा. मला भूक लागायची. मग काच, मग दुर्बीण, म्हणजे ती खालती बघायची. एकदा मॅडमनी मलाही बघायला दिलं. मी डोळा लावला आणि ओरडलोच, "मॅडम, बुरशी हलतीय! जिती हाय!"

"ती तुमची पापणी आहे, दत्तोबा."

पापणी बाजूला झाल्यावर मात्र दिसलं. काचेसारखं मूळ आणि त्याच्या आत निळी नक्षी. बारीक निळे धागे, मधेच फुगे, आणि पेशीपेशीत एवढं एवढंसं निळं झाड. मुळाच्या आत झाड! फांद्या फुटलेलं! मी डोळा काढून खाली पायाखालच्या मातीकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं. आमच्या बाजरीच्या मुळांतही हे असणार होतं. आजोबाच्या, पणजोबाच्या वेळेपासून कुणीतरी खालून राबत होतं आणि वर आम्ही मिशीला पीळ देत होतो की आमचं रान कसदार.

मोजणी अशी, की काचेखाली रेघांची चौकट. रेघेवर मूळ आलं की डाव्या हातातलं यंत्र टिक, त्यात निळं असलं की उजव्या हातातलं पण टिक. शेकड्यानं टिकटिक. एकदा मी मधेच जाऊन विचारलं, "मॅडम, चहा घेणार का?" त्यांची टिकटिक थांबली. आकडा चुकला होता. शंभराच्या पुढं कुठंतरी होत्या. मी असतो तर एकशे वीस धरून पुढं गेलो असतो. बाईंनी दोन्ही यंत्रं शून्यावर आणली, काच सरकवून पहिल्या रेघेवर नेली, आणि म्हणाल्या, "घेणार. आता एक तासानं." रागावल्या नाहीत. मला शिवी चालली असती. ते शून्यावर आणणं नाही चाललं.

इतकं सगळं बघून, इतकं कौतुक वाटूनसुद्धा मी जे केलं ते केलं.

झालं असं, की महिन्याभरात बिनविरजणाच्या कुंड्यांची ज्वारी रडकुंडीला आली. विरजणवाली गुडघ्याला लागली आणि ही टीचभर. पानं जांभळी पडली. उपासमारीचा रंग तो. शेतकऱ्याला तो रंग बघवत नाही. घट बसले त्या दिवशी सकाळी मी घरी गहू पेरला, अक्षता वाहिल्या आणि कामावर आलो, तर ही बारा जांभळी लेकरं रांगेत उभी. मॅडम त्या दिवशी आल्या नव्हत्या. विरजणाचा डबा फळीवर. माझ्या मनात आलं, आज घरोघर मातीत बी पडतंय, देवीचा दिवस, आणि यांच्या तोंडाला साधं विरजण नाही? शेजारीण वाटी घेऊन विरजणाला आली तर मंगल कधी नाही म्हणत नाही. बारापैकी पाच अगदी मरायला टेकल्या होत्या. मी काडीनं भोक पाडलं आणि त्या पाचांना अर्धा अर्धा चमचा दिलं. वर माती सारखी केली. हात जोडले. बसमधून घरी जाताना येरवड्याच्या पुलावर मला इतकं पुण्यवान वाटत होतं की मी उठून एका कॉलेजच्या पोराला जागा दिली.

दिवाळीच्या सुमारास ती पाच हिरवी झाली.

मॅडमनी बघितलं. वहीत लिहिलं. दिवाळी झाल्यावर कापणी केली, मुळं धुतली, शिजवली, निळी केली. बिनविरजणाच्या मुळांत निळं काहीच दिसायला नको होतं. पाचांत दिसलं. त्यांनी पुन्हा शिजवून बघितलं. पुन्हा निळं. कुकरची नोंदवही काढली, कुठल्या दिवशी माती किती वेळ शिजवली ते बोट ठेवून वाचलं. गाळायचा कागद उजेडात धरला. तीन दिवस त्या असं स्वतःचं एकेक काम तपासत होत्या आणि मी झारी घेऊन त्याच त्याच कुंडीला पाणी घालत होतो. तिच्यात तर झाडही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी म्हणाल्या, "शाई बिघडली असेल. दत्तोबा, बुधवार पेठेत जाऊन नवी बाटली आणा."

गेलो. दुकानदार चष्म्यावरून बघत होता.

"निळी शाई हाय का?"

"आहे."

"चांगली हाय का?"

"वाईट ठेवत नाही."

बाटली खिशात घालून बाहेर आलो. दगडूशेठच्या समोर रांग होती. लांबूनच हात जोडले. काही मागायला तोंड नव्हतं. खिशातली बाटली मांडीला लागत होती आणि प्रत्येक पावलाला मला कळत होतं की हिचा काही गुन्हा नाही. बाई उद्या स्वतःवरचा विश्वास घालवून बसणार, तीन वर्षांची मोजणी खोटी मानणार, आणि ते कशामुळं, तर मला दया आली म्हणून. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगतो, गप्प बसायचं ठरवूनच मी शेडमध्ये शिरलो. तर मॅडम विरजणाच्या डब्यासमोर बसल्या होत्या आणि तो डबा फेकायच्या थैलीत घालत होत्या. म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलंय."

"मॅडम, शाई चांगली हाय."

"तुम्हाला काय माहीत? चाखलीत?"

"वाईट मी हाय."

सांगितलं सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी वही ओढली.

"कोणत्या कुंड्या?"

आकडे मला येतात. पाचही सांगितल्या.

"किती घातलंत?"

"अर्धा चमचा."

"कधी?"

"घटाच्या दिवशी. दिवेलागणीच्या आधी."

"आधी का?"

"दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, मॅडम."

बाईंनी पेन वहीला टेकवलं. मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "चला. म्हणजे वेळ तरी नोंदवता येईल."

मी जरा सैल झालो. म्हणालो, "पाच गेल्या, सात हायेत की. त्या सात घ्या धरून."

"त्या सात तुम्ही का सोडल्यात?"

"त्या जरा बऱ्या होत्या."

तेव्हा त्या खुर्चीला टेकल्या. आवाज न चढवता त्यांनी मला सांगितलं, आणि तो दिवस मी विसरणार नाही. मी सगळ्यात वाईट पाच निवडून बाजूला काढल्या होत्या. आता उरल्या त्या चांगल्या सात. म्हणजे बिनबुरशीची ज्वारी आहे त्यापेक्षा बरी दिसणार आणि बुरशीनं केलेलं काम कमी दिसणार. डोळे मिटून कुठल्याही पाच बिघडवल्या असत्या तर थोडं भागलं असतं. मी निवडून बिघडवल्या. दया आंधळी असती तर परवडली असती, माझी डोळस निघाली.

"कुणाला सांगू नका ना," मी म्हणालो. "मी नाय बोलणार. मंगलला पण नाय सांगणार."

"मग मी तीन वर्षं डोळे फोडून मोजलं कशाला? अंदाजे लिहून टाकलं असतं की."

आणि बाईंनी ते तसंच्या तसं लिहिलं. पाच कुंड्या, अर्धा चमचा, तिथी, दिवेलागणीपूर्वी. काम तपासणाऱ्या समितीपुढं वाचलं. मी दाराबाहेर उभा होतो. आत कुणीतरी हसलं. माझ्यावर हसले असते तर मला सवय आहे, पण ते मॅडमवर हसले. त्या थांबल्या, हसणं संपू दिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, एक हंगाम मिळालाय. शेड मिळेल, बाकी आपलं आपण. मी म्हणालो, उद्यापासून येऊ नको का? त्यांनी माझ्या हातात कुंड्या घासायचा ब्रश दिला.

विरजणाचा डबा त्या दिवसापासून कुलपात. किल्ली मॅडमच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी.

तो दुसरा हंगाम पौषातला. थंडीचा, कोरडा, शेडवर कोवळं ऊन. सगळं पुन्हा पहिल्यापासून. माती शिजवा, गाळा, पेरा. यंत्रं शून्यावर आणावीत तसा बाईंनी अख्खा हंगाम शून्यावर आणला होता, आणि तोंडावर त्याचं काही नाही. जांभळी पानं पुन्हा आली. यावेळी मी त्या बारा कुंड्यांना पाणी घालताना दुसरीकडं बघायचो. मॅडम म्हणाल्या, "बघा त्यांच्याकडे. त्या उपाशी राहतायत म्हणून तर कळणार आहे, खालचा कोण किती राबतो ते." मग मी बघायला लागलो. रोज. माझ्या आयुष्यात कुठल्या पिकाकडं मी इतकं नीट, हात न लावता बघितलं नव्हतं.

कापलं, वाळवलं, तोललं. काचेच्या पेटीतला तो काटा श्वासानंसुद्धा हलतो. "श्वास रोखा, दत्तोबा," असं म्हणायच्या, आणि मी इतका रोखायचो की त्यांनाच सांगावं लागायचं, आता घ्या. मग झाडाची राख, राखेत औषध. स्फुरद जितकं जास्त, रंग तितका पिवळा. शेवटी लाकडी घोडीवर चोवीस काचनळ्या उभ्या राहिल्या. बारा हळदीसारख्या. बारा फिक्या, लिंबाच्या सरबतात पाणी जास्त झाल्यासारख्या. मधे शंकेला जागा नाही. झाडानं जे खाल्लं, त्यातलं कितीतरी त्या न दिसणाऱ्या धाग्यानं भरवलं होतं, आणि ते एका बाईनं रंगात आणून उभं केलं होतं. यंत्रात आकडे बघायच्या आधी मॅडमनी एकदा त्या नळ्यांवरून नुसती नजर फिरवली. ओठ जरा हलले. तेवढंच. मीच रडलो. वर सांगितलं, औषधाचा वास डोळ्यात गेला.

समितीनं काम मान्य केलं. मॅडमचं टेबल कोपऱ्यातच राहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला, शेडच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो. मंगलनं दिलेल्या शेंगदाण्याच्या वड्या होत्या. ऊन उतरलं होतं, कुंड्यांचा ढीग बाजूला पडला होता आणि माझी छाती पुन्हा एकदा भरून आली. माझ्या छातीला तेवढंच येतं.

"मॅडम," मी म्हणालो, "एक बोलू का? मी त्या पाच कुंड्यांत हात घातला नसता तर हा दुसरा हंगाम झालाच नसता. आणि हा झाला नसता तर आकडे इतके लख्ख आले नसते. म्हणजे बघायला गेलं तर यात माझा पण वाटा हायच."

मॅडमनी शेवटचा घोट घेतला, कप पायरीवर ठेवला.

"दत्तोबा, बुरशीसुद्धा झाडाची साखर फुकट खात नाही, बदल्यात काम करते. चहा झाला ना तुमचा? कुंड्या धुवा."